बाजेपासून संडासापर्यंत: म्हाताऱ्या माणसाच्या मापाचं घर

घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी काय बदलायचं हे ठरवण्याआधी भिंती बघा. दाराच्या चौकटीशी, सपरीच्या (ओसरीच्या) खांबाला, न्हाणीच्या कोपऱ्यावर कमरेच्या उंचीला तळहाताएवढे काळपट, तेलकट डाग दिसतील. आजी रोज तिथं हात टेकते. आधाराचा दांडा कुठं बसवायचा हे मिस्त्रीच्या आधी त्या डागांना विचारा.

दुसरी पाहणी अंधार पडल्यावर करा. बाजेवरून उठून संडासाला जाऊन परत येईपर्यंत त्यांच्या मागं मागं चाला, मदत करू नका, फक्त खडूने खुणा करत जा. कुठं थांबल्या, कुठं हात शोधला, कुठं पाय आधी चाचपला. दिवसा ही वाट सगळ्यांना सोपीच वाटते. रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, लाईन गेलेली असताना तीच वाट वेगळी असते, आणि घरात घालायच्या पैशातला पहिला रुपया त्या वाटेवर घालायचा. त्यांना विचारलंत तर "मले काई नाई होत" हेच उत्तर येईल. त्यावर वाद घालू नका, खुणा पुरेशा बोलतात. मात्र दांडा, खुर्ची, बाज यातलं काहीही बसवताना त्यांना तिथं उभं करून, हात लावायला सांगूनच जागा पक्की करा. न विचारता बसवलेल्या दांड्यावर शेवटी टॉवेलच वाळत पडतो.

चार मापं

मिस्त्री सवयीच्या मापानं बांधतो आणि ती सवय तरण्या माणसाची असते. म्हणून आधी माणूस मोजा.

पहिलं माप गुडघ्याचं. पायात रोजची चप्पल घालून खुर्चीवर बसवा आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. बायांचं साधारण १५-१६ इंच येतं, पुरुषांचं १६ ते १८. त्यात दोन इंच मिळवले की बाज, संडासाची बैठक, न्हाणीतला ओटा या तिन्हींची उंची मिळाली. गुडघे फारच धरलेले असतील तर तीन इंच मिळवा, त्यापुढं नको. पाय लोंबकळले की माणूस पुढं घसरतो.

दुसरं मनगटाचं. सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगटाची घडी जमिनीपासून जिथं येते ती काठीच्या मुठीची उंची. चालताना धरायचा दांडा त्याहून दोन-तीन इंच वर, म्हणजे बहुतेकांना ३० ते ३४ इंचांवर लागतो. पाठीत वाकलेल्या माणसाचं माप वाकलेल्या स्थितीतच घ्यायचं, "जरा ताठ उभ्या राहा" म्हणायचं नाही.

तिसरं पाऊल किती उचलतं ते. भिंतीला धरून उभं करा, पुढं फळ्यांचे तुकडे एकावर एक ठेवत जा आणि ओढाताण न करता पाय किती उंच जातो ते पाहा. पायरीची उंची त्याच्या आतच हवी. जुन्या घरात आठ-नऊ इंचांच्या पायऱ्या सर्रास आहेत आणि सत्तरीपुढची बरीच माणसं पाच इंचांवरच अडतात.

चौथं रुंदीचं. वॉकर असेल तर त्याचे पाय बाहेरून मोजा. व्हीलचेअर बाहेरून २४ ते २६ इंच भरते, तिला दारात निदान ३० इंच मोकळी जागा लागते, ३२ असेल तर बोटं खरचटत नाहीत. जुन्या दुपाखी दाराची दोन्ही पाखं उघडल्याशिवाय ही जागा मिळत नाही आणि एका पाखाची कडी नेमकी वर डोक्यापाशी असते. ती काढून साडेतीन फुटांवर लावा. काम दहा मिनिटांचं आहे, तरी सहसा कुणी करत नाही.

संडास

शहरातून आलेला मुलगा पहिल्यांदा म्हणतो, "इंग्लिश कमोड बसवून टाकू." जरा थांबा. आपल्या विदर्भातल्या गावांतले बरेच संडास स्वच्छ भारत मिशनच्या बारा हजारांतून बांधलेले, दोन शोषखड्ड्यांचे आहेत. त्यातलं ग्रामीण भांडं तीव्र उताराचं असतं, त्याच्या कोंबड्यात (पाणी अडवणाऱ्या वाकड्या नळीत) फक्त २० मिलिमीटर पाणी उभं राहतं, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होतं. कमोडला एका वेळी सहा लिटर लागतात, जुन्या पद्धतीच्या टाकीला दहा. हे जादा पाणी जातं कुठं? शोषखड्ड्यात. काळ्या मातीत पाणी आधीच सावकाश मुरतं, आणि आषाढ-श्रावणात माती फुगली की मुरणं जवळजवळ थांबतं. मग खड्डा तुंबतो, पाणी भांड्यात उलटं येतं, आणि कमोड बसवून सोय करायला निघालेलं घर पावसाळ्यात पुन्हा डबा घेऊन शेताकडं जातं. शिवाय उन्हाळ्यात नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येत असेल तर प्रत्येक वेळी सहा लिटरची बकेट उचलायची कुणी?

टाकीवरून नळ आहे, जमीन मुरमाड आहे किंवा सेप्टिक टँक आहे, अशा घरात कमोड खुशाल बसवा. बाकी ठिकाणी भांडं तसंच ठेवून त्यावर बैठक करा.

बाजारात घडीची कमोड खुर्ची मिळते, तीही चालते. पण तिचे पाय कित्येकदा भांड्याच्या दोन्ही बाजूंच्या पायठाणांवर येतात आणि खुर्ची डुगडुगते. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून मापानं करून घेतलेली चौकट जास्त टिकते. त्याला सांगायचं ते असं: एक इंची चौकोनी पाइप, १६ गेजचा. चार पाय, आतून रुंदी २० इंच, पण आधी पायठाणांचं बाहेरून माप घ्या आणि त्याहून दोन इंच जास्त ठेवा. पुढून मागं १८ इंच. उंची तुम्ही काढलेल्या पहिल्या मापाइतकी. दोन्ही बाजूंना हात टेकायचे दांडे, बैठकीपासून आठ-नऊ इंच वर आणि पुढच्या पायांपर्यंत आलेले, कारण उठताना हात पुढं लागतो. पायांखाली दोन बाय दोन इंचाच्या लोखंडी पट्ट्या, त्यात भोकं, आणि त्यातून जमिनीत बोल्ट. हे बोल्ट वगळू नका. माणूस बसताना मागं रेटून बसतो, मोकळी चौकट तेव्हाच सरकते.

बैठक लाकडाची नको, पाणी पिऊन फुगते. कमोडचं प्लॅस्टिकचं तयार सीट वेगळं मिळतं, ते चौकटीवर पट्ट्या मारून बसवा. सीटचं भोक भांड्याच्या खोल टोकाच्या बरोबर वर यायला हवं. हे चुकलं की विष्ठा भांड्याच्या उतारावर पडून राहते आणि दर वेळी जास्त पाणी ओतावं लागतं. इतक्या उंचीवरून शिंतोडे उडतात, त्याला उपाय सोपा आहे. जुन्या प्लॅस्टिक बकेटचं बूड कापून ती सीटखाली नळकांड्यासारखी अडकवा, धुवायला काढता आली पाहिजे. लोखंडाला आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंटचे दोन हात. संडास धुवायच्या ॲसिडनं पायांचा खालचा इंचभर भाग आधी गंजतो, तिथं दर वर्षी पुन्हा रंग.

पाण्याचं टमरेल जमिनीवर असलं तर बसल्या बसल्या वाकावं लागतं. उजव्या हाताला दोन फुटांवर छोटी फळी किंवा विटांचा खांब करून त्यावर मग्गा ठेवा.

दार बाहेर उघडायलाच हवं. तीन बाय चारच्या खोलीत माणूस पडला तर तो दारालाच अडतो आणि आत उघडणारं दार मग ढकलता येत नाही. पत्र्याचं दार असेल तर वेल्डर बिजागऱ्या फिरवून तासाभरात देतो. आतली कडी काढून बाहेरूनही नाण्यानं फिरवता येईल असा लॅच लावा. तेही नको असेल तर कडीच काढा आणि दारावर "आत माणूस आहे" याची खूण म्हणून टॉवेल टाकायची सवय लावा.

संडास आंगणाच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि माणूस रात्री दोन-तीनदा उठत असेल, तर रात्रीपुरती भांडं लावलेली कमोड खुर्ची बाजेशेजारी ठेवा. भांड्यात आधी तांब्याभर पाणी घालून ठेवलं की सकाळी धुणं सोपं जातं. घरच्यांनी यात नाक मुरडू नये. मांडीचं हाड मोडलं तर महिनोन्‌महिने हेच सगळं अंथरुणात करावं लागतं.

दांडा कशात रुतणार?

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानातला चकचकीत दांडा आणला, प्लॅस्टिकचे गट्टू ठोकून स्क्रूनं बसवला, आणि पहिल्यांदा खरोखर भार पडला तेव्हा प्लॅस्टरसकट हातात आला. दांडा नसता तर माणूस निदान सावध राहिला असता. तकलादू दांडा म्हणूनच नसलेल्या दांड्यापेक्षा वाईट.

भिंत कशाची आहे ते आधी पाहा. मातीची किंवा मातीत रचलेल्या विटांची भिंत असेल तर कुठलाही गट्टू धरणार नाही. तिथं आरपार बोल्ट घालायचा. अर्ध्या इंचाचा रॉड भिंतीच्या जाडीहून चार इंच लांब कापून दोन्ही टोकांना आटे पाडून घ्या, भिंतीच्या दोन्ही अंगांना सहा बाय सहा इंचाची पाच मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी ठेवा आणि नट आवळा. पट्टी भार पसरवते, नाहीतर बोल्ट माती कोरत जातो. भिंत फारच फुगलेली, पोपडे सुटलेली असेल तर तिचा नाद सोडा आणि खांब उभा करा. दीड इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप जमिनीत दीड फूट, भोवती नऊ इंच रुंद खड्डा, त्यात काँक्रीट, आणि वरचं टोक छपराच्या मयालीला (आडव्या तुळईला) क्लॅम्पनं बांधलेलं. बाजेच्या उशाशी असा एक खांब असला की उठणं निम्मं सोपं होतं.

नऊ इंची पक्क्या विटांच्या भिंतीत चार इंच लांब लोखंडी अँकर बोल्ट चालतो, मात्र तो विटेच्या मधोमध हवा, दर्जेत (दोन विटांमधल्या सांध्यात) नको. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या पट्ट्यात वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा खूप वापरतात. त्या भरीव असतात, अँकर धरतात, पण कडेला भोक पाडलं तर तडकतात. चार इंची पडदीत (पातळ भिंतीत) परत आरपार बोल्टच.

दांडा म्हणून एक इंची जीआय पाइप घ्या. एक इंच हे आतलं माप, बाहेरून तो तेहतीस-चौतीस मिलिमीटर भरतो आणि म्हाताऱ्या मुठीत नीट बसतो. दोन इंची पाइप दणकट दिसतो पण बोटं भोवती पोचत नाहीत. भिंतीपासून दीड ते दोन इंच अंतर. त्याहून कमी ठेवलं तर बोटं चेंगरतात, जास्त ठेवलं तर तोल जाताना अख्खा हात कोपरापर्यंत आत शिरून मोडतो. टोकं भिंतीकडं वळवा, मोकळ्या टोकात बाही किंवा लुगड्याचा पदर अडकतो. पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू नका. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तो ठिसूळ होतो.

उघड्यावरचा लोखंडी दांडा एप्रिल-मेमध्ये दुपारी हात लावू देत नाही. त्यावर सुती दोरी घट्ट गुंडाळा किंवा बाहेर बांबूच वापरा. दीड इंच जाडीचा, भरीव, पावसाळ्यानंतर तोडलेला, पेरं तासून घेतलेला. पावसाळ्यापूर्वीच्या कोवळ्या बांबूला भुंगा लवकर लागतो. पिवळी भुकटी गळताना दिसली की तो बदलायचा.

बसवून झाल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं दोन्ही हातांनी लोंबकळून, झटके देऊन पाहावं. सिमेंटमध्ये बसवलेला असेल तर सात दिवस थांबून.

जोतं, पायऱ्या आणि उतार

पुराच्या आणि चिखलाच्या भीतीनं आपल्याकडं जोतं दीड-दोन फूट उंच घेतात. उताराचा हिशेब असा की एक इंच चढायला बारा इंच लांबी. दोन फुटांच्या जोत्याला २४ फूट उतार लागतो. एवढं आंगण नसतं म्हणून मिस्त्री आठ फुटांत उतार काढून देतो. त्याचा उपयोग मोटारसायकल सपरीत चढवायला होतो. व्हीलचेअर त्यावरून ढकलताना ढकलणाराच मागं येतो, आणि गुडघेदुखीवाल्याला उतरताना पायऱ्यांपेक्षा जास्त त्रास होतो.

तेव्हा आधी ठरवा. माणूस काठीनं का होईना चालत असेल तर उताराऐवजी पायऱ्या सुधारा. पाच इंच उंच, बारा ते चौदा इंच रुंद, सगळ्या सारख्या. एकच पायरी इंचभर वेगळी असली तरी पाय तिथंच अडखळतो, आणि ती बहुधा सगळ्यात खालची असते, कारण आंगणात भर पडून ती बुजलेली असते. दोन्ही बाजूंना दांडे, कारण चढताना उजवा हात लागतो त्याच बाजूचा उतरताना डावा होतो. दांडा पहिल्या पायरीच्या एक फूट आधी सुरू व्हावा. प्रत्येक पायरीच्या काठावर दोन इंचांचा पिवळा किंवा पांढरा पट्टा.

व्हीलचेअर आहे किंवा लवकरच लागणार आहे, तर उतार कराच. आंगण पुरत नसेल तर भिंतीलगत वळवून, वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा ठेवून. दारासमोरही तेवढीच सपाट जागा लागते, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागं घरंगळते.

आता काळ्या मातीचं. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेलं काँक्रीट दुसऱ्याच वर्षी तडकतं, आणि उतार जोत्याला जोडलेला असेल तर जोत्यालाही ओढतो. म्हणून जिथं उतार किंवा पायऱ्या येणार तिथली दीड फूट काळी माती काढून टाका. तिथं मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून, धुमसानं ठोकून. उतार आणि जोतं यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट सोडा. थर्माकोलची पट्टी उभी ठेवून काँक्रीट टाकलं की फट आपोआप राहते, नंतर ती डांबरानं भरायची. मिस्त्री म्हणेल, "जोडून टाकू, मजबूत होईल." ऐकू नका.

एक फूट जोत्यासाठी १२ फूट लांब, ४ फूट रुंद उतार धरला तर मुरूम साधारण एक ब्रास (शंभर घनफूट), जरा वरच. वरचा थर चार इंचांचा, एकास दोन चार प्रमाणात: सिमेंट तीन ते साडेतीन पोती, रेती सात-आठ घनफूट, गिट्टी चौदा-पंधरा घनफूट. दोन्ही कडांना चार इंच उंच काठ काढा, चाक आणि काठी त्यावर अडते. पृष्ठभाग घोटू नका. चांगल्या मिस्त्रीला घोटाईचा अभिमान असतो, त्यानं आरशासारखी घोटलेली जागा पहिल्या पावसात बर्फ होते. काँक्रीट ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढा. वर ओला बारदाना, दहा दिवस. हे काम दिवाळी ते होळीच्या मध्ये करा. तेव्हा माती फार फुगलेलीही नसते आणि भेगाळलेलीही नसते. मे महिन्यात पाणी पुरत नाही, काँक्रीट सुकून भुसभुशीत राहतं.

घरापासून संडासापर्यंतची वाटही अशीच, तीन फूट रुंद, आंगणापासून तीन इंच वर. खाली मुरूम, वर खडबडीत शहाबादी किंवा सिमेंटचे ठोकळे. नुसती गिट्टी टाकलेली वाट काठीवाल्याला चालत नाही. वाटेवर गुरांचा खुंटा, दावं, नळाचा पाइप आडवा येत असेल तर तो हलवा, वाट वळवू नका. श्रावणात शेवाळ धरलं की ब्लिचिंग पावडर टाकून अर्ध्या तासानं तारेच्या ब्रशनं घासा.

न्हाणी

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आंघोळ करू देऊ नका. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात आणि मोडतात. न्हाणीतच दोन फूट लांब, दीड फूट रुंद ओटा बांधा, उंची पहिल्या मापाची. ओट्याच्या खालच्या अंगाला चार इंच आत खोबण ठेवा. उठताना टाचा मागं घ्याव्या लागतात, सपाट बांधलेल्या ओट्यावरून म्हणूनच उठता येत नाही. वर खडबडीत फरशी, पुढची कड गोल. बकेटसाठी शेजारी एक फूट उंच ठोकळा. फरशीला फुटामागं पाव इंच ढाळ पुरे, जास्त दिला तर ओटाच तिरपा वाटायला लागतो. घोटीव फरशी आधीच असेल तर ती टाचवून घ्या. रबरी चटईच्या चकत्या सिमेंटवर चिकटत नाहीत, ती विकत घेऊन समाधान मानू नका.

पाणी तापवायला बकेटमध्ये रॉड टाकण्याची सवय आहे. म्हाताऱ्या माणसाच्या हाती रॉड देऊच नये. देणं भागच असेल तर मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लाईन आपोआप तोडणारा स्विच) हवाच, आणि अर्थिंग खरं हवं. कोरड्या काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंग काम करेनासं होतं, म्हणून होळीपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बकेटभर पाणी ओता. हाच नियम कूलरला. लोखंडी कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा, म्हणजे घरात ओल होणार नाही. पाण्याला फ्लोट बसवा, म्हणजे आजीला बकेट उचलून भरावं लागणार नाही, आणि वायर पायवाटेवरून नेऊ नका. हात लावण्याआधी प्लग काढायचा हे खोलीत असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

उजेड

म्हाताऱ्या डोळ्याला तरण्या डोळ्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो, आणि झगमगाट मात्र सोसत नाही. बाजेपासून संडासापर्यंत दिव्यांमध्ये अंधाराचा एकही तुकडा राहू नये. बाजेशी एक आणि संडासाच्या दाराशी एक असा जिन्यासारखा दुहेरी स्विच करून घ्या, म्हणजे दिवा लावायला अंधारात चालावं लागत नाही. बाहेर पिवळा उजेड ठेवा. पांढऱ्यावर किडे जास्त येतात, किड्यांमागं बेडूक आणि बेडकांमागं साप. लाईन जाण्याचं ठरलेलंच आहे, तेव्हा एक तरी बल्ब बॅटरीवाला, आणि टॉर्च उशाखाली न ठेवता बाजेच्या खांबाला दोरीनं टांगलेली.

जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार रात्री चावते. बाज आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावर बरा उपाय आहे. फक्त मच्छरदाणीची उठायच्या बाजूची कड लोंबत ठेवू नका. अर्धवट झोपेत पाय तिच्यातच गुंततो.

बाज, उंबरठा, चूल

सुतळीची बाज झोळ झाली की माणूस तिच्यातून निघूच शकत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ओढून घ्या. उंची वाढवायला पायांखाली विटा ठेवू नका. लाकडी ठोकळे घ्या, वरून दोन इंच खोल खड्डा कोरलेले, म्हणजे पाय निसटत नाही. ज्या अंगाचा हातपाय बळकट आहे त्या अंगानं उठता येईल अशी बाज भिंतीला लावा. अर्धांगवायूनंतर हे कुणी बघत नाही आणि माणूस रोज अधू बाजूनं धडपडत उठतो.

उंबरठा तोडा असं सांगणं सोपं, पण त्याला हळदकुंकू लागतं आणि विंचू-पाणीही तो अडवतो. चालणाऱ्या माणसासाठी तो तसाच राहू द्या, त्यावर ठळक पिवळा रंग आणि चौकटीला उभा दांडा एवढं पुरे. व्हीलचेअरसाठी दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर. तीन इंचांच्या उंबरठ्याला प्रत्येक बाजूस तीन फूट. काढायचाच ठरला तर दाराखाली रबरी पट्टी लावा.

स्वयंपाकात रोजच्या वस्तू गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली. माठाला तोटी लावून तो दोन फूट उंच तिवईवर ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात पाणी घ्यायला वाकावं लागत नाही. वाकायचा कंटाळा म्हणून पाणी कमी पिणं हे लू लागण्याचं एक साधं कारण आहे. बसून रांधणाऱ्या बाईसाठी २८ इंचांचा ओटा, खाली गुडघे शिरतील अशी मोकळी जागा. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा वरच हवी, जमिनीवर शेजारी-शेजारी कधीच नको.

पैसे कुठून

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यात मिळतात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची यात बसतं. अर्ज सध्या घेतात का ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) शिबिरात तपासून अलिम्को संस्थेची साधनं फुकट देतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात, ग्रामसभेत त्यातून दांडे-उताराची मागणी लेखी द्या. माहितीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. पडून दुखापत झाली तर १०८.

मोफत मिळालेली काठी किंवा वॉकर बहुधा मापात नसतो, बटण दाबून पाय मनगटाच्या मापाला आणा. खालचा रबरी बूट दर महिन्याला उलटा करून पाहा. त्याच्या तळाच्या गोल खाचा झिजून सपाट झाल्या की तो ओल्या फरशीवर सरकतो. मेडिकलच्या दुकानात नवा मिळतो, पण जाताना काठी सोबत न्या. पाइपची जाडी वेगवेगळी असते, आणि अंदाजानं आणलेला सैल बूट चिखलात रुतून तिथंच राहतो.